मसल कार घेताना आधी पत्रा, मग इंजिन

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणारा चौतिशीचा एक मराठी मुलगा. घराला दोन गाड्यांचं गॅरेज, हाताशी शनिवार-रविवार आणि तीन वर्षांत मिळून ४५ हजार डॉलर घालायची तयारी. जुनी अमेरिकन मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली मोठ्या इंजिनाची रांगडी गाडी, घ्यायची, रिस्टोअर करायची आणि मुलांना घेऊन हायवेला बिनधास्त काढता येईल इतपत आजच्यासारखी करायची. त्याने तीन गाड्या हेरल्यात. एक, १९६९ ची शेव्हर्ले कॅमॅरो एसएस (सुपर स्पोर्ट), ताजा लाल रंग, ३४ हजार. दोन, १९६६ ची फोर्ड मस्टँग कूपे, २८९ चं (हे आकडे इंजिनाच्या क्यूबिक इंचांचे) व्ही८ इंजिन, चालू स्थितीत, १६ हजार, गाडी ओहायोतलीच. तीन, १९७० ची दोन दरवाजांची शेव्हर्ले नोव्हा, ३०७ इंजिन, धूर मारते, रंग उडालेला, १४ हजार, गाडी ॲरिझोनात. "कोणती घेऊ, काका?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

तुझा जीव कॅमॅरोत अडकलाय हे प्रश्नावरूनच कळतं. बाकी दोघींबद्दल दोन-दोन ओळी आणि हिचे अकरा फोटो. त्यामुळे आधी हिचाच निकाल लावू.

शेव्हर्लेने १९६९ सालच्या सुमारे २ लाख ४३ हजार कॅमॅरो बनवल्या. त्यातल्या बहुसंख्य साध्या होत्या, सहा सिलिंडरच्या किंवा लहान व्ही८ च्या, ऑफिसला जायच्या. आज बाजारात फिरलास तर साधी कॅमॅरो दिसतच नाही, जी ती एसएस. लग्नाच्या जाहिरातीत झाडून सगळे निर्व्यसनी असतात, तसं. याचं कारण सरळ आहे. एसएस हा वेगळा मॉडेल नव्हता, पैसे भरून घ्यायचा ऑप्शन होता. दोन बिल्ले, बॉनेट आणि ३५० चं इंजिन एवढं जमवलं की वरून कुणालाही फरक कळत नाही, आणि हे सगळं सामान आज नवं कोरं मिळतं.

तू व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चॅसिस नंबर, पाठवलास, १२४३७९एन ने सुरू होणारा, आणि लिहिलंस की "नंबर ओरिजिनल आहे, म्हणजे एसएस पक्की." नाही. १२४ म्हणजे व्ही८ कॅमॅरो, १२३ असतं तर सहा सिलिंडर. ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे साल, एन म्हणजे नॉरवुडचा कारखाना. तो तुझ्याच राज्यात, सिनसिनाटीला लागून होता, १९८७ मध्ये बंद झाला. बस, एवढंच. एसएसचा शब्दही त्या नंबरात नाही.

मग बघायचं कुठे? बॉनेट उघडल्यावर समोरच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, एक छोटी पत्र्याची पट्टी असते, काउल टॅग. नॉरवुडच्या १९६९ च्या बऱ्याच गाड्यांच्या टॅगवर एक्सने सुरू होणारा कोड असतो. एक्स५५ असेल तर ती ३५० ची एसएस, एक्स६६ असेल तर ३९६ ची. एक्स४४ असेल तर साधी गाडी, विषय संपला. एक्स११ असेल तर ती एसएस असूही शकते आणि नसूही शकते, आणि विकणारे नेमकं एक्स११ वरच जास्त बोलतात. कोड मुळातच नसेल तरी घाबरू नकोस, हंगामाच्या सुरुवातीच्या गाड्यांवर तो नव्हता. मग गाडीखाली जा. १९६९ च्या एसएसला मागचा ॲक्सल बारा बोल्टचा येत असे. मागच्या झाकणाचे बोल्ट मोज. दहा निघाले तर विचार, मूळ ॲक्सल कुठे गेला.

आता इंजिन. पुढच्या बाजूला, आपण ज्याला क्लीनर साइड म्हणू त्या पॅसेंजरच्या अंगाला, हेडच्या पुढे ब्लॉकचा एक लहान सपाट भाग बाहेर आलेला असतो. त्याला इथे पॅड म्हणतात. त्यावर इंजिनचा कोड ठोकलेला असतो आणि तिथेच, किंवा कधी ऑइल फिल्टरजवळ, गाडीच्या नंबराचे शेवटचे आकडे. ते व्हीआयएनशी जुळले की गाडी "मॅचिंग नंबर्स" आणि किंमत दणदणीत वर. साहजिकच आकडे जुळवून देणारेही पैदा झाले.

हे ओळखायला मला इथल्या कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मामाच्या शॉपने शिकवलं. तिथे मी कॉलेजच्या सुट्ट्यांत ट्रकचे ब्लॉक बोअर आणि होन करायला उभा असे. मामा तासलेल्या पृष्ठभागावरून नखाचं टोक फिरवून सांगायचा, हा जॉब कुठल्या मशिनवरून आलाय. प्रत्येक हत्याराची रेघ वेगळी असते. शेव्हर्लेच्या कारखान्यात ब्लॉकचा माथा ब्रोचिंग करून, म्हणजे दातेरी हत्यार सरळ ओढून, सपाट करत, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या, एकमेकींना समांतर, केसासारख्या बारीक रेघा उमटतात. अस्सल पॅडवर त्या रेघा दिसतात आणि आकडे त्या रेघांवर ठोकलेले दिसतात. जिथे रेघा गुळगुळीत पुसल्या आहेत किंवा गोल-गोल घासल्याच्या खुणा आहेत आणि आकडे मात्र ताजे, टोकदार आहेत, तिथे कुणीतरी हातोडी आणि पंच घेऊन बसलं होतं. रेघा गेल्या म्हणजे लबाडीच झाली असंही नाही. इंजिन काम काढताना माथा पुन्हा तासला की त्याही जातात. पण मग आकडेही गेलेले किंवा निदान झिजलेले असायला हवेत ना?

समज, तुझी कॅमॅरो साधी निघाली आणि एसएसचा मुखवटा चढवलेली. तरी ती वाईट गाडी ठरत नाही, तुला तर ती मोडिफायच करायची आहे. अडचण भावाची आहे. ३४ हजार तिथेच घातलेस तर उरतात ११, आणि ताज्या रंगाखाली काय आहे ते तुला माहीत नाही. ताजा लाल रंग ही माझ्या दृष्टीने गाडीची सगळ्यात मोठी खोट आहे. त्यापेक्षा सोललेली, गंजाचे डाग स्पष्ट दिसणारी गाडी परवडते. ती निदान खोटं बोलत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलोय. माझी पहिली गाडी, १९६६ ची मस्टँग, मी जानेवारीत घेतली. मिशिगनचा जानेवारी, विकणाऱ्याचं गॅरेज, वर एक पिवळा बल्ब, आणि माझे हात थंडीने खिशात. गाडी चकाकत होती. मागच्या चाकावरच्या पत्र्याला लोहचुंबक लावून बघावं हे सुचलं होतं, पण समोरच्या माणसाला वाईट वाटेल म्हणून लावलं नाही. एप्रिलमध्ये तिथे एक पोपडा सुटला म्हणून ग्राइंडरला वायर ब्रश लावून बसलो. आधी रंग गेला, मग लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. आपल्याकडे पेंटर पाव इंच लांबी भरली तरी मालक बोंब मारतो, इथे बोटाच्या दोन पेरांएवढी होती. तिच्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणि जाळीमागे कोंबलेलं वर्तमानपत्र. त्यावरची टायरची जाहिरात अजून वाचता येत होती. पत्रा नावाची वस्तू तिथे नव्हतीच.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आणि तीस वर्षं इथे राहून, चार गाड्या करून ते बदललेलं नाही: आपण पत्रा विकत घेतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सीट, वायरिंग हे सगळं बोल्ट खोलून काढता येतं आणि पेटीतून नवं येतं. पत्रा कापावा लागतो, जुळवावा लागतो, वेल्ड करावा लागतो, आणि त्यात तास जातात. तू नवशिका असशील तर महिने. इंजिनाचा खर्च आधी सांगता येतो, सडक्या पत्र्याचा मात्र उघडल्याशिवाय नाही.

आणि आपली दोन्ही राज्यं, तुझं ओहायो आणि माझं मिशिगन, मिठाची. इथे डेट्रॉइटच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, अजून चालू. बर्फ पडला की मीठ रस्त्यावर. ज्या शहराने गाड्या घडवल्या त्याच्याच पोटातलं मीठ त्या गाड्या खातं. ओहायोत हिवाळे काढलेली, साठ वर्षांची, "कधीच गंजली नाही" अशी गाडी कुणी दाखवली तर चहा पिऊन परत ये.

हे डोक्यात ठेवून मस्टँगकडे ये.

पहिल्या पिढीची मस्टँग नवशिक्याला मी एरवी डोळे झाकून सांगेन. फोर्डने ती १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आणली आणि दोन वर्षांत दहा लाखांचा आकडा गाठला. त्यामुळे सुटे भाग मुबलक, भाव आटोक्यात. दरवाजाच्या रबरापासून अख्ख्या नव्या बॉडीपर्यंत सगळं मिळतं. व्हीआयएनही प्रामाणिक आहे. पाचवं अक्षर इंजिन सांगतं: टी म्हणजे सहा सिलिंडरचं २००, सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे दुर्मीळ हाय-परफॉर्मन्स. चाकाला चार नट दिसले तर गाडी मुळात सहा सिलिंडरची, व्ही८ ला पाच.

पण तिची एक जागा आहे, तिथे ती भल्याभल्यांना रडवते. पुढच्या काचेखाली, वायपरच्या खाली, हवा आत घ्यायची जाळी असते. तिच्या खालचा पोकळ डबा म्हणजे काउल. त्यात पाऊस पडतो, पानं पडतात, कुजतात, आणि आतला पत्रा कारखान्यातून नीट रंगवलेलाच नव्हता. तो गळायला लागला की पाणी थेट पायाखालच्या पत्र्यावर. मालक काय करतो, तळाचा सडका पत्रा बदलतो, वर नवं कार्पेट घालतो आणि गाडी विकतो. दोन पावसाळ्यांत तळ पुन्हा सडतो, कारण रोग वर आहे.

तपासणी अगदी सोपी आहे. दोन्ही बाजूंचं पुढचं कार्पेट उचल, खाली कोरडा कागद अंथर, आणि काउलच्या जाळीत बागेच्या पाइपने पाणी सोड. पाणी मडगार्डच्या मागून, बाहेरून जमिनीवर पडायला हवं. कागद भिजला तर गाडी सोड, किंवा चार हजार खाली माग. कारण दुरुस्ती म्हणजे मडगार्ड काढायचे आणि शंभराच्या घरातले स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने फोडायचे, तेव्हा कुठे वरचं झाकण निघतं. विकणारा पाणी ओतू देत नसेल तर उत्तर मिळालंच. माझ्या त्या मस्टँगच्या काउलमधून मी मुठी भरभरून मॅपलच्या पानांची माती काढली. तिच्यात एक रोपटं उगवलेलं होतं, खोटं नाही सांगत.

डिकीही बघ. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा माथा हाच डिकीचा तळ असतो. त्याच्या कडेचा पत्रा, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा कोपरा आणि पुढचे शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बर ज्यात बसतात ते पत्र्याचे खांब), एवढं चाचपून बघ. आणखी एक गोष्ट, मोडिफाय करायच्या दृष्टीने. १९६६ पर्यंतच्या मस्टँगचं इंजिनचं घर अरुंद आहे, शॉक टॉवर दोन्हीकडून आत येतात. १९६७ ला फोर्डने ३९० बसावं म्हणून ते रुंद केलं. तुझ्या मनात फोर्डचं नवं कोयोटे इंजिन असेल तर ते टॉवर कापल्याशिवाय जवळपास अशक्य. फोर्डचंच ३०२ मात्र २८९ च्या जागी हसत बसतं, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या मस्टँगचा टी५ हा पाच गिअरचा बॉक्सही. ब्रेकबद्दल सांगायलाच हवं. १९६६ च्या गाडीत मास्टर सिलिंडर एकाच खणाचा असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. १९६७ पासून दोन खणांचा आला. जुनी मस्टँग घेतलीसच तर पहिला खर्च तो, आणि तो होईपर्यंत पोरं मागच्या सीटवर नकोत.

आता थोडं आजूबाजूला, कारण तुझ्या यादीत नसलेल्या गाड्यांबद्दल तू पुढे विचारणारच.

शेव्हर्लेची शेव्हेल, १९६८ ते ७२, माझी आवडती. बॉडी वेगळ्या चॅसिसवर बसते, त्यामुळे समजायला सोपी आणि मोठ्या इंजिनाला जागाच जागा. पण चांगली शेव्हेल तुझ्या बजेटला आता पुरत नाही आणि वाईट शेव्हेल चॅसिसच्या मागच्या कमानीत सडलेली असते. पाँटियाक जीटीओ ही तर या सगळ्याची आई. १९६४ मध्ये मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ चं इंजिन ऑप्शन म्हणून घातलं आणि हा खेळ सुरू झाला. पाँटियाकचे कारखान्याचे कागद आजही मिळवता येतात, फोर्डचे १९६७ पासूनचे मिळतात. अमेरिकेत विकलेल्या शेव्हर्लेचे मिळत नाहीत, म्हणूनच तिथे नकली माल जास्त. शेव्हर्लेत नशीब असेल तर कारखान्याचा मूळ कागद, बिल्ड शीट, पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला सापडतो. सापडला आणि गाडी खरोखर भारी निघाली, तर तिच्यावर ग्राइंडर चालवू नकोस. तशी गाडी जशी होती तशी करणाऱ्याला वीक आणि त्या पैशांत कापायला दुसरी घे.

डॉज-प्लिमथमध्ये चॅलेंजर, चार्जर, कुडा यांची नावंही काढू नकोस, भाव आभाळात. डस्टर किंवा डार्ट बघायला हरकत नाही. त्यांचं ३१८ इंजिन मरता मरत नाही. पण सुटा पत्रा शेव्हर्ले-फोर्डइतका सहज मिळत नाही, आणि वायरिंगमध्ये एक जुनी खोड आहे: गाडीचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या ॲमीटरमधून फिरून येतो, आणि फायरवॉलवरचा जोड तापून वितळतो. घेतलीस तर पहिल्याच आठवड्यात तो ॲमीटर बायपास कर.

साल निवडायचं म्हणशील तर १९६७ ते १९७२. त्याआधी सुरक्षेची सोय तोकडी. त्यानंतर १९७३ ला पाच मैलांच्या धडकेचा नियम आला आणि पुढचे बंपर घराच्या उंबऱ्यासारखे झाले. १९७१ पासून कॉम्प्रेशन कमी केलं हे खरं, पण तू इंजिन बदलणारच आहेस, तुला काय त्याचं. १९७२ च्या गाड्यांचे एचपी अचानक पडलेले दिसतात, त्यानेही फसू नकोस. त्या वर्षी मोजायची पद्धत बदलली. आधी नुसतं इंजिन टेबलावर ठेवून, पंखा-सायलेन्सर काढून मोजत, मग सगळं जोडून मोजायला लागले. कॉर्व्हेटचं एलटी१ इंजिन १९७१ ला ३३० एचपीचं होतं, १९७२ ला तेच २५५ चं झालं. (आणि तुझ्या शेजाऱ्याकडे परवापर्यंत मिळणारी व्ही६ कॅमरी असेल तर ती ३०१ ची आहे. हे सिग्नलला लक्षात ठेव.)

मी नोव्हा घेईन.

तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, हाच तिचा गुण. साधी गाडी, साधं इंजिन, कसलाही वंश नाही. तिला कापलीस, जोडलीस, हिरवी रंगवलीस, कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. पण खाली वाकून बघ. १९६८ पासूनची नोव्हा आणि पहिली कॅमॅरो सख्ख्या बहिणी आहेत. पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी चौकट), मागे बॉडीतच घडवलेला सांगाडा, पुढचं सस्पेन्शन, ब्रेक, बहुतेक सगळं एकमेकींचं चालतं. म्हणजे कॅमॅरोसाठी जगाने जेवढे म्हणून सुधारलेले भाग बनवले, ते तुझ्यासाठीही बनवलेत, आणि गाडीचा भाव मात्र निम्म्याहून कमी. मागची सीटही पोरांना खरोखर बसता येईल अशी आहे, कॅमॅरोत ती नावापुरती असते.

आणि ती ॲरिझोनाची आहे. वाळवंटातली गाडी उन्हाने मरते, मिठाने नाही. सीट फाटलेल्या, डॅशबोर्ड तडकलेला, रबरं चिक्कीसारखी. हे सगळं विकत मिळतं. तरी विमानाचं तिकीट काढ आणि जाऊन बघ, तीनशे-चारशे डॉलर वाचवायच्या नादात फोटोंवरून घेऊ नकोस. "ॲरिझोनाची गाडी" याचा अर्थ कधीकधी "मागच्या वर्षी मिशिगनहून ॲरिझोनाला नेलेली गाडी" असाही असतो. मागच्या काचेच्या खालचे दोन कोपरे, पुढच्या काचेचे कोपरे, डिकीत स्टेपनी ठेवतात तो खळगा, आणि सबफ्रेम जिथे बॉडीला बोल्टने जोडली जाते त्या जागा. तिथे जाडा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचायचं, लाजायचं नाही. छतावर विनाइल असेल तर समजून जा की त्याखाली पाणी साचून होतं. सुदैवाने तुझ्या फोटोत विनाइल दिसत नाही.

धुराचं विचारलंस. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन मिनिटभरात थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील गेलेत, एका शनिवारचं काम. चालताना सतत येत असेल तर रिंगा, म्हणजे इंजिन काम. पण दोन्ही परिस्थितीत भाव पाड, आणि दोन्ही परिस्थितीत ते ३०७ इंजिन लगेच काढू नकोस. पहिला उन्हाळा त्याच्यावरच गाडी चालव, झिंक असलेलं ऑइल घालून. या गाडीला खरंच काय हवंय ते चालवल्याशिवाय कळत नाही. आणि गाडी कधीही पूर्ण सुटी करायची नाही. मी पाहिलेल्या अर्धवट सोडलेल्या गाड्यांपैकी बहुतेक "आता सगळं उघडूनच करू" या वाक्यावर अडल्या. सुटी केलेली गाडी तीन गाड्यांची जागा खाते. ओहायोच्या जानेवारीत बायकोची गाडी बाहेर बर्फात उभी राहिली की प्रोजेक्टचं भवितव्य तुझ्या हातात राहत नाही.

कामाचा क्रम: ब्रेक, मग स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, मग टायर, मग रेडिएटर, मग ताकद. लोक नेमकं उलटं करतात. १९७० च्या साध्या नोव्हाला चारही ड्रम असतात. पुढे कॅमॅरोचे डिस्क बसव. मागे बहुधा एकाच पाट्याची स्प्रिंग असेल, जरा ताकद दिली की पाटा पिळवटतो आणि चाक उड्या मारतं. चार-पाच पाट्यांचा जुडगा घाल, फारसा खर्च नाही.

गिअरबॉक्स बहुधा पॉवरग्लाइड असेल, शेव्हर्लेचा जुना ऑटोमॅटिक, म्हणजे फक्त दोन गिअर. हायवेला तुला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर, हवाच. हिशेब कर: मागे ३.५५ चा रेशो, २६ इंची टायर, ७० मैलांचा वेग. सरळ गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,२०० आरपीएमवर ओरडत असतं. ०.७० चा ओव्हरड्राइव्ह लागला की २,२५० वर येतं आणि मागच्या सीटवर पोरं झोपतात. माझ्या मते एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच मोडिफिकेशनने पडत नाही.

इंजिन दुसऱ्या हिवाळ्यात. माझ्या पिढीचे लोक म्हणतील ३५० घाल, कार्ब्युरेटर ठेव. मी म्हणेन शेव्हर्लेच्या ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएस घराण्यातलं इंजिन बघ, १९९९ नंतरच्या पिकअपमधलं, सोबत त्याचाच ४एल६०ई ऑटोमॅटिक. भंगारात खंडीने मिळतं, थंडीत एका चावीत सुरू होतं. ट्रकचं ऑइल पॅन मात्र नोव्हाच्या क्रॉसमेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या तुळईवर) आदळतं, ते बदलावं लागेल. टाकीत ५८ पीएसआय देणारा पंप, नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणारे पाइप, इंजिन बसवायच्या पट्ट्या, वेगळं वायरिंग आणि कॉम्प्युटरमधली चोरी रोखणारी सिस्टिम बंद करून घेणं, हे खर्च लोक विसरतात. "इंजिन आठशेला मिळालं" म्हणणाऱ्याने बाकी सामानाला किती घातले ते विचार.

पैशांचा माझा अंदाज, हजारांत: गाडी १४, आणायला दीड. पत्रा आणि रंग १२, तेही तू स्वतः घासकाम केलंस तर. इंजिन-गिअरबॉक्स ८, ब्रेक-सस्पेन्शन-टायर साडेचार, सीट, काचा, रबरं, वायरिंग मिळून ५. बरोबर ४५, आणि हातात शिल्लक शून्य. म्हणून गाडी १४ ला घेऊ नकोस, साडेअकरा-बाराला घे. धूर आहेच तुझ्या बाजूने. इन्शुरन्स आधी रक्कम ठरवून देणारा घे, नाहीतर अपघातानंतर कंपनी तुला पन्नास वर्षं जुन्या गाडीचा भाव शिकवेल.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इकडे ये. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा, भरते. साठच्या दशकात याच रस्त्यावर पोरं रात्री शर्यती लावायची, कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा. खुर्ची टाकून बसू, नोव्हा मोजू. मालकांशी बोल, गाडीखाली वाकून बघू देतात, उलट खूश होतात.

एवढं सांगूनही तू कॅमॅरोवाल्याला फोन करणार, मला ठाऊक आहे. कर. पण जायच्या आधी त्याच्याकडून दोन फोटो मागव, काउल टॅगचा आणि इंजिनच्या पॅडचा. पॅड आधी ब्रेक क्लीनर आणि चिंधीने पुसायला सांग, वायर ब्रश अजिबात नको. आणि फोटो काढताना टॉर्च बाजूने, तिरपी धरायला सांग. समोरून फ्लॅश मारला तर रेघा दिसत नाहीत.